अंधारात तोललेली पोर

पोरगी रडत नव्हती, म्हणून मी निंघाली.

रडणारं लेकरू परवडते. माझी पोर दिवसभर छपराच्या आड्याकडं टक लावून पाहत राहे, जसं वर कोणी बसून हाये. मी पण पाहो. काईच नसे. माझं पहिलं लेकरू पण असंच गप झालतं. ते आता नाई.

आम्ही पिंपळगाव राजाचे. मी शिकलेली कमीच, मोबाईलमंधी बोलते, तो लिहिते, मग माझी मोठी नणंद शोभाताई ते नीट करते. पोरीचं नाव इथं देत नाई. नजरेचं भेव हाये.

सासू म्हणे, "हाड बारीक हाये तिचं. दर महिन्याले वजन बरोबर येते ना? मंग काऊन घोर लावून घेतं?"

अंगणवाडीत वजन येये बरोबर. पण कसं येये ते ऐका. कंबरेले चांदीचा करदोडा, पायात वाळे, गळ्यात ताईत, करदोड्याले लोखंडाची चावी, अन् वरून दुपटं. सारं काट्यावर. काढू कोणी देत नाई. चारचौघींत नागवं लेकरू तोललं अन् त्याचा आकडा मोठ्यानं बोलला, की नजर लागते. मी पण तेच मानत होती. तोलणारी बाई पण आमच्यातलीच, ते पण मानत होती.

शोभाताईचं सासर साखरखेर्ड्याचं. तिनं फोनवर सांगतलं, "लोणारच्या पुढं एक गाव हाये. तिथं बाया लेकरं तोलतात. नजर लागत नाई म्हणतात. तू निंघ फक्त, मी मेहकरले भेटते."

ज्याइले जायचं असन त्याइच्यासाठी सांगते. पिंपळगाव राजाहून खामगाव, खामगावहून मेहकर, मेहकरहून सुलतानपूरवरून लोणार, सारं एसटीनंच होते. बाईले अर्धं तिकीट, तान्ह्या लेकराचं लागत नाई. खामगाव-मेहकर गाडीत खिडकीची जागा घेऊ नका, धूळ लय. पाणी घरूनच घ्या. मेहकरच्या स्टँडवर आलूबोंडा गरम भेटते, पण मले गेला नाई. खामगावच्या गाडीत बाजूच्या सीटवरची बुढी माझ्या मांडीकडं पाहून म्हणे, "झोपलं का वो?"

"नाई. जागी हाये."

तिनं वाकून पोरीच्या डोळ्यात पाह्यलं अन् आपली थैली उचलून मागच्या सीटवर जाऊन बसली.

लोणारले गाडीले टाईम होता म्हणून शोभाताईनं सरोवराच्या काठावर नेलं. एवढा मोठा खड्डा, अन् तळाशी हिरवं पाणी पडून. वारा नाई. खालून सडल्यासारखा वास वर येऊन राह्यला होता. पोरीनं दिवसात पह्यल्यांदा मान हलवली. खड्ड्याकडं.

"चाल वो," शोभाताई म्हणे, "लय नको पाहू खाली." बाकी लोक तिथं फोटो काढून राह्यले होते. तुमचं लेकरू धड असन तं तुम्हाले पण लय आवडन.

पुढं काळीपिवळी जीपनं. गावाचं नाव बायांनी नको लिहू म्हणलं, म्हणून नाई लिहत. गावाच्या टोकाले एक पक्की खोली. तिच्यावर बाहेरच्या देशातल्या संस्थेचा बोर्ड, उन्हानं पांढरा फट झालेला. भिंतीवर रंगवलेली आई अन् तिच्या मांडीवर गुटगुटीत लेकरू. आईचे डोळे पोपडे पडून गेलेले. पण त्या लेकराच्या गालावर काजळाची तीट होती. ताजी. बोट लावलं तं बोटाले लागली.

पायरीवर एक म्याडम बसून होती, पुण्याकडची, त्याच संस्थेची. कमलाबाई दारात उभी. या खोलीचं सारं कमलाबाईच पाहते.

"पह्यले आम्ही म्याडमच्या दारात बसत होतो," कमलाबाई म्हणे, "आता म्याडम आमच्या दारात बसते. इचारा, आत येऊ देतो का?"

"नाही देत," म्याडम हसली. मले म्हणे, "पूर्वी आम्ही आकडे मागायचो, बाहेर पाठवायचो. दिव्याखाली उघडं लेकरू, वर कॅमेरा. बायका येईनाशा झाल्या. मग आमचा प्रकल्पच बंद झाला."

"अन् खोलीले कुलूप," कमलाबाई म्हणे. "चावी ग्रामपंचायतीत. आम्ही साऱ्या जणी लेकरं घेऊन तिथं जाऊन बसलो. साऱ्याइची पोट्टी एकदम रडाले लागली. किती वेळ ऐकतीन? चावी देल्ली."

"मग तुम्ही आता काऊन येता?" मी म्याडमले इचारलं.

"काय लागतं ते विचारायला."

दुपारची वेळ. बाहेर डोळे दिपतीन असं ऊन. आत गेलो अन् कमलाबाईनं दार लावलं. खिडकीत गोधड्या कोंबलेल्या. स्वतःचा हात दिसेना. आत किती बाया होत्या माहीत नाई, फक्त श्वास ऐकू येयेत.

"आता बोलायचं नाई. कोणीच," कमलाबाईचा आवाज आला. "सारं काढ तिच्या अंगावरचं. भिऊ नको. ज्याले दिसतच नाई, त्याची नजर कशी लागन?"

मी चाचपत चाचपत करदोडा सोडला. वाळे काढले. ताईत काढला. कोणीतरी पोरीले माझ्या हातातून घेतलं. काटा टांगायचा होता, झोळीचा. संस्थेनंच सोडून गेलेला. बायांनी त्याची काच काढून टाकली होती, अन् आकड्याच्या जागी खाचा केल्या होत्या. काटा बोटानं वाचतात. कर्र आवाज झाला अन् पोर वर गेली. मले वाटलं, गेली ते गेलीच.

मग एका खरबरीत हातानं माझा हात शोधला, पंजा उघडला. तळव्यावर बोटानं रेघ. किलोची रेघ लांब, पाव किलोची आखूड. एक रेघ. अजून एक. अजून एक. मी पुढच्या रेघेची वाट पाहून राह्यली.

बोट उचललं.

मी पंजा तसाच उघडा धरून ठेवला. रेघ आली नाई.

बाहेर आल्यावर कमलाबाई फक्त एवढंच म्हणे, "चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता मेहकरले, डॉक्टरकडं." म्याडमच्या गाडीत गेलो. डॉक्टर रागावले, मग म्हणे टाईम गेला नाई अजून. औषध देल्लं, दूध पाजायचं कसं अन् कितीदा ते सांगतलं. मले पण खायले सांगतलं. शोभाताई घरी गेली, मी पंधरा दिवस कमलाबाईच्या घरी राह्यली. ते मले डोळ्यासमोर जेवू घाले. भाकर, वरण, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. घरी सासूचं पथ्य असे, म्हणून मी हात आखडला की म्हणे, "खाय वो, तुह्या सासूले नाई सांगत."

निंघायच्या दिवशी पुन्हा अंधारात तोललं. रेघा मोजल्या. शेवटी एक आखूड रेघ जास्तीची आली. तेवढ्यात झोळीतून पोर रडाले लागली. असा गळा काढला की काटा हलाले लागला. जिथं कोणी बोलत नाई तिथं एक जण खुदकन हसली, मग साऱ्याच. बाहेर येऊन कमलाबाईनं माझ्या हातात काजळाची डबी देल्ली. भिंतीवरच्या लेकराले तीट लावाची पाळी माझी होती.

म्याडमनं इचारलं, "तुम्हाला काय लागतं?"

"काटा," मी म्हणलं. "काच काढून द्या."

घरी आली तं सासूनं पह्यले कंबर चाचपली. "करदोडा काढला? तूनं? कोणाले इचारून?" मी पोरीले आत नेऊन पाजलं. खूप दिवस घरात बोलणं नव्हतं. काटा आला तवा मीच आड्याले टांगला, त्याच आड्याले. भर दुपारी दार लावलं, खिडकी बुजवली. पोरीले तोललं. अंधारात सासूचा हात धरला, पंजा उघडला, पह्यले तिथल्या पह्यल्या दिवशीच्या रेघा काढल्या. मग हातानं पुसून आजच्या.

बोलायचं नसते तिथं, पण सासू बोलली.

"पह्यल्याचं बी असंच होतं का वो?"

मी तिच्या हातावर काईच काढलं नाई. हात मात्र सोडला नाई.

आता शेजारच्या बाया लेकरं घेऊन येतात. खिडकीत गोधडी सासूच कोंबते, अन् कोणी कुजबुजली तं तिलेच पह्यले रागावते. करदोडा पेटीत पडून हाये. आड्याकडं पोर अजून पाहते कधी कधी, पण आता तिथं काटा हाये. अन् रडते तं अशी रडते की गल्लीतले लोक कटकट करतात.

करू द्या.