कोऱ्या बाटलीतला जांभळा रंग

आमच्या घरात लिंबू आणलं तर पोह्यांवर पिळायला, दाराला टांगायला नाही. मी एमएस्सी, राहणार जुईनगर, नोकरी नवी मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेत. असलं काही मीच लिहीन असं कुणी सांगितलं असतं, तर हसले असते.

आमचं काम बेडकाच्या भ्रूणांवर. एखादं जनुक भ्रूणात कुठे चालू आहे ते बघायला त्याला जुळणारा आरएनएचा एक तुकडा सोडायचा - त्याला प्रोब म्हणतात - आणि मग रंग द्यायचा. जनुक चालू असेल तिथे जांभळं होतं. एका बाटलीत मात्र मुद्दाम प्रोब घालत नाहीत. ती कोरी. तिच्यातली भ्रूणं पांढरीच राहायला हवीत.

मार्कर अल्कोहोलने पुसला जातो, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकतात. ती बाहेर काढायची नाही, हे मला सुनंदाताईंनीच शिकवलं होतं. बारा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काम केलेली बाई. एकदा घाईत मी दोन चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि परत टाकताना अदलाबदल झाली. आमच्या लॅबच्या प्रमुख सरांनी ते निकाल पाहुण्यांसमोर दाखवले... आणि शोभा झाली. आळ सुनंदाताईंवर आला, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पुढच्याच बॅचला माझी कोरी बाटली रंगली. रंग जास्त वेळ ठेवला की सगळीकडे डाग पडतात, ते मला कळतं. हे तसं नव्हतं. नेमकं, स्वच्छ, जिथे जनुक चालू असतं तिथेच. द्रावणं नवीन केली, टेबल बदललं. शेजारच्या मैत्रिणीने त्याच द्रावणांनी केली, तिची पांढरी. मग ती दिवसभर माझ्याजवळ बसून बघत राहिली... तरी माझी जांभळी!

शेवटी सानपाड्याला त्यांच्या घरी गेले. सुनंदाताई साडीला फॉल लावत होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, ती एमएस्सी हाय, तिच्याकडून असं होणार नाही."

मला त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, जुना विषय उकरू नका, रिसर्च पेपरवर तुमचं नाव आहे. आणि मी परत गप्प बसले. लाज वाटते, पण बसले.

माझ्या हातची कोरी बाटली आजही रंगते. का, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. सरांनी उपाय मात्र शोधलाय. ती बाटली करायचं काम आता कॉन्ट्रॅक्टवरच्या नवीन बाईंकडे दिलं आहे. उद्या काही चुकलंच, तर नाव त्यांचं घेता येईल.