तिकडच्या मामांचा पेढा

आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत; ट्रॉलीतल्या भंगारासारखे ते आपोआप साठतात. मी रोजनिशी लिहितो. त्यात पावसापाण्याला एक ओळ आणि शिंदेमामांना पानभर, असं कैक वर्षं चाललंय.

मामा निमोण्याचे, पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या मशीनवरचे सगळ्यांत जुने. मध्यंतरी त्यांच्या मानेत गाठ आली. तुकडा तपासायला पुण्याला गेला आणि मामांची बडबडच बंद झाली. डबा उघडेनात. शेवटी कासुर्डीचा आमचा सचिन म्हणाला, "मामा, चला पिक्चरला. सुपरहिरोचा हाय!"

"गाणी हायत का?"

"न्हाईत."

"मग चला. डोकं तरी दुखायचं न्हाई."

*

शिरूरच्या टॉकीजमध्ये आम्ही तिघं. पिक्चरमध्ये जगं अनेक, आणि प्रत्येक जगात तोच हिरो. एकीकडं राजा, एकीकडं चोर, एकीकडं साधा ड्रायव्हर.

मामा मोठ्यानं म्हणाले, "आयला, एका आधार कार्डावर किती जण!"

पुढची अख्खी रांग मागं वळून हसली.

*

व्हिलनची बायको वारलेली. दुसऱ्या एका जगात ती जिवंत. तिला आणायला तो सगळी जगं फोडायला निघतो. टॉकीजभर शिट्ट्या, आणि मामा उपरण्यानं डोळे पुसतायत!

"मामा, व्हिलन हाय त्यो!"

"बायकोसाठी करतंय बिचारं. ह्यात व्हिलन कुठाय?"

*

एका जगातला हिरो मात्र आजारानं अंथरुणाला खिळलेला. मामा खुर्चीत पुढं सरकले.

"सच्या, त्याला झालं म्हंजी ह्याला व्हायचं न्हाई, व्हय?"

"मामा, पिक्चर हाय ओ."

"असू दे. इचारलं."



*

घरी मामांनी मामींना सगळी स्टोरी सांगितली. मामी भाकरी थापत होत्या.

"म्हंजी तिकडं बी मी तुमच्याच पदरात?"

"तसंच दिसतंय."

"मग तिकडच्या मला सांगा, डबा भरून देऊ नको. हे तसाच माघारी आणतात!"

*

रिपोर्टच्या दिवशी मामी आणि मुलगा पुण्याला, मामा मशीनवर. आमच्याकडं मोबाईल गेटवर जमा करतात, आणि जागा घेणारा रिलिव्हर आल्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही. वॉचमन धावत आला, "मामा, घरून फोन हाय!"

मामा जागचे हलेनात. "रिलिव्हर कुठाय?"

"मी हाय की," म्हणत मी उभा राहिलो. मामा गेटकडं चालत गेले. 

बराच वेळ गेला. मी पार्ट दाबत होतो, नजर दाराकडं.

मामा आले. मी काढलेले पार्ट उचलून बघू लागले.

"मामा, काय झालं?"

"हे सगळे रिजेक्ट हायत."

"अहो, रिपोर्टचं काय?"

"त्यो? साधी गाठ हाय म्हणं. काढली की झालं!" म्हणाले आणि मशीनला टेकून खाली बसले. सचिननं असली आरोळी ठोकली, की पलीकडच्या शॉपमधली माणसं पळत आली!

*

दुसऱ्या दिवशी मामांनी पेढे आणले. बॉक्स उघडला आणि पहिला पेढा कागदावर घालून मशीनवर ठेवला. सचिननं हात घातला तर फटका बसला.

"थांब. त्यो त्याचा हाय."

"कुणाचा?"

"तिकडं माझ्या जागी उभा ऱ्हायलाय, त्याचा."

सचिननं हात मागं घेतला.

शिफ्ट संपली. रिलिव्हर आला. मामांनी हातमोजे काढले, टोपी झटकली आणि म्हणाले, "मशीन घे. पेढा ऱ्हाऊ दे."