खांडा नेणारे दिवाण

कोणत्याही लग्नाला गेले की दिवाणजी आधी विचारत, "नवरदेव सोता आला ना?" मंगरूळपीरला ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा साठीच्या पुढे होते. लोक हसत. "नाही तं का त्याचा फेटा येईन, दिवानजी?" कुणीतरी म्हणे. ते मांडवात जाऊन नवरदेवाला पाहून येत.

एका लहानशा संस्थानाचे ते दिवाण होते. तिथे राजा लग्नासाठी मुलीच्या गावी जात नसे. त्याचा खांडा, म्हणजे गादीची तलवार, जाई आणि मुलगी त्यालाच हार घाली. आमच्या भागातल्या धनज गावच्या देशमुखांच्या मुलीसाठी खांडा घेऊन दिवाणजीच आले होते.

काही वर्षांनी राजाला मोठ्या संस्थानातली मुलगी सांगून आली. अट एकच: आधीची राणी नको, टाकलेलीसुद्धा नको. पहिलं लग्न झालंच नव्हतं, असा शास्त्र्यांचा निर्णय मिळवण्याचं काम दिवाणजींकडे आलं. राणीला माहेरी धाडलं होतं. तिचा होकार घ्यायला ते धनजला गेले.

"खांडा कोन आनला होता?" तिनं विचारलं.

"मीच, बाईसाहेब."

"मंग लगन झालं नाही हे सांगाले तरी दुसरा मानूस धाडाचा होता."

होकार मिळाला नाही. शास्त्र्यांनी वाट सुचवली: तो खांडा गादीचा नव्हता, एवढं दिवाणांनी सभेत म्हणावं. दिवाणजी म्हणाले, गादीचाच होता, लग्न पुरं झालं. त्यांची दिवाणगिरी गेली. नव्या दिवाणाने दुसरे शास्त्री बसवले आणि लग्न रद्द झालं.

"राजाचं काम कोनासाठी अडत नाही, भाऊ," ते सांगत. "मी खरं बोल्लो, तं काम थोडं लांबलं. बस."

सभेत आपण खरं तेच बोललो, हे राणीला सांगायला ते पुन्हा धनजला गेले होते. ती म्हणाली, "खरं बोलून तुमी मोकळे झाले. मी काय झाली? कुवारी नाही, सवासीन नाही, विधवा बी नाही." त्यानंतर ते त्या रस्त्याला गेले नाहीत.

दिवाणजी एका हिवाळ्यात वारले. दुपारी धनजहून बैलांची दमणी आली. करड्या केसांची एक बाई उतरली. कपाळावर कुंकू होतं. ती प्रेताजवळ बसली. कोणी ओळखेना. शेवटी शेजारच्या काकूंनी दिवाणजींकडे हात करून विचारलं, "बाई, तुमी यायच्या कोन?"

"यायनं माहं लगन लावलं होतं," ती म्हणाली.