वहाबभाईंचा थेंब

क्रांती चौकात कुणालाही विचारा, बंद पडलेलं घड्याळ कुठं न्यायचं, तर तो झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या जिन्याखाली बोट दाखवेल. त्या जिन्याखालच्या साडेचार फुटांच्या जागेत वहाबभाई एकेचाळीस वर्षांपासून बसतात. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्याला वाकूनच आत यावं लागतं. त्यामुळे शहरातल्या भल्याभल्यांनी आपल्याला झुकून सलाम केलाय, असं वहाबभाई खुशाल सांगतात. भिंतीवर सतरा घड्याळं आहेत आणि सतराही वेगवेगळी वेळ दाखवतात. खरी वेळ विचारली की ते शेजारच्या रामकिसनकडं बोट करतात. रामकिसन रबरी शिक्के बनवतो आणि त्याच्याकडं मोबाइल असतो.

वहाबभाईंना गर्व एकाच गोष्टीचा, आपल्या हाताचा. उजव्या डोळ्याला काळं भिंग अडकवायचं, डावा मिटायचा, मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचं आणि सुईहून बारीक काडीनं तेलाचा थेंब चाकाच्या टोकाला लावायचा. घड्याळात तेल वरून टाकत नाहीत. काडी नेमक्या जागी टेकली की थेंब आपसूक उतरतो. "टेकव आणि उचल," त्यांचे उस्ताद म्हणायचे, "जागेला कळता कामा नये." वहाबभाईंनी ते इतकं अंगात मुरवलं की चहात साखर घालतानासुद्धा चमचा कपाला टेकवून उचलायचे. माणूस मोठा गुणी. पण गुणी माणसाला एक खोड असतेच, आपल्या गुणापुढं तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात दुकानात वस्तू हरवायला लागल्या.

"रामकिसन, माझी स्क्रूची वाटी कुणी हलवली?"

"कोण कशाला हलवंल? तुमच्या डाव्या हाताशीच हाय की!"

असं दिवसातून तीनदा व्हायला लागलं. मग एके दिवशी घरी जाताना ते डाव्या बाजूला उभ्या असलेल्या पेरूच्या गाडीवर जाऊन आदळले, रस्ताभर पेरू झाले आणि वर त्यांनी गाडीवाल्यालाच झापलं. संध्याकाळी ही हकीकत त्यांनी बायकोला, अमिनाला, भरपूर तिखटमीठ लावून सांगितली. अमिना हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना चष्म्याचा नंबर काढायच्या नावाखाली डॉ. विशाखा साळवेंच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथं डोळ्यांतला दाब मोजला. मग एका यंत्रात डोकं घालून बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, दिवा चमकला की दाबा. वहाबभाई बराच वेळ अंगठा धरून नुसतेच बसले.

"डॉक्टरबाई, तुमची मशीन बिघडलीय. उघडून बघू का?"

"मशीन ठीक आहे, चाचा," डॉक्टर म्हणाल्या. "दिवे लागत होते. तुम्हाला दिसले नाहीत. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेलीय, ती परत येणार नाही. उजव्याला नुकती सुरुवात आहे. तो आपल्याला राखायचाय."

वहाबभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. उजवा म्हणजे भिंगाचा डोळा. डावा तर ते चाळीस वर्षं कामाला बसताना मिटूनच घेत आलेले, तो कधी विझत गेला हे त्यांना कळणार तरी कसं!

डॉक्टरांनी दमा आहे का, नाडी मंद आहे का, हे विचारून घेतलं आणि थेंबांच्या दोन बाटल्या लिहून दिल्या. एक सकाळी आठ आणि रात्री आठला, दुसरी फक्त रात्री, पहिलीनंतर पाच मिनिटं थांबून. रोज, न चुकता, जन्मभर. मग निशा नावाच्या सिस्टरनं थेंब कसा घालायचा ते दाखवलं. हात साबणानं धुवायचे, मान मागं टाकायची, खालची पापणी ओढून तिची खोळ करायची, बाटली वर धरून एकच थेंब सोडायचा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं, नाकावाटे अंगात उतरत नाही.

वहाबभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बेटा, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी थेंब लावतोय."

"लावायचा नाही चाचा, वरून सोडायचा," निशा म्हणाली. "बाटलीचं टोक कुठं टेकू द्यायचं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! घरी आल्यावर वहाबभाईंनी दाढीचा आरसा घेतला, बाटलीचं टोक पापणीच्या आतल्या कडेला अलगद टेकवलं आणि उचललं. थेंब बरोबर आत. गालावर ओल नाही की काही नाही. त्यांनी अमिनाला हाक मारून पुन्हा दुसऱ्या डोळ्यात करून दाखवलं.

"अजी, ती पोरगी तर वरून सोडा म्हणत होती," अमिना म्हणाली.

"नवशिक्याला वरूनच सोडायला सांगतात."

अडतीस वर्षांच्या संसारात वाद कुठं सोडून द्यायचा हे अमिनाला कळत होतं. मुलगा उजैर वाळूजच्या कंपनीत, बिऱ्हाड बजाजनगरला, घरात दोघंच. रात्री आठचा गजर मात्र तिनं स्वतःच्या मोबाइलवर लावला, कारण घरातल्या सहा घड्याळांपैकी एकावरही तिचा भरवसा नव्हता. आणि रस्त्यानं जाताना ती न बोलता त्यांच्या डाव्या बाजूनं चालायला लागली.

तीन आठवडे झाले आणि उजवा डोळा लाल झाला. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या. वहाबभाईंनी ताबडतोब निकाल दिला की औषध खराब आहे. डॉक्टरांना विचारायचं सोडून त्यांनी दोन्ही बाटल्या कपाटात घड्याळाच्या कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या डब्यामागं दडवल्या आणि आठचा गजर झाला की आरशासमोर उभं राहून नुसतीच मान मागं टाकली. दोन दिवस हे नाटक चाललं.

तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी एक नाजूक लेडीज घड्याळ उघडलं, भिंग लावलं, तर समोर धुकं. भिंग पुसलं. धुकं. दुसरं भिंग घेतलं. धुकंच. चाकं, दाते, काही म्हणजे काही दिसेना. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वहाबभाईंच्या हातून चिमटा सुटला. तो खाली कुठं पडला हे त्यांनी शोधलंही नाही. ते घाबरले होते. सतरा घड्याळांची टिकटिक ऐकत ते म्हणाले, "रामकिसन, मला दिसत नाय रे."

रामकिसननं अर्धा कोरलेला शिक्का तसाच टाकला, रिक्षा थांबवली आणि अमिनाला फोन लावला. "भाभी, दवाखान्यात या. लई काळजीचं नाय, पण या."

डॉक्टरांनी बराच वेळ डोळा तपासला.

"संसर्ग झालाय, पण बुबुळाला जखम नाही. बरा होईल," डॉक्टर म्हणाल्या. "अजून उशीर केला असता तर मला हे सांगता आलं नसतं. थेंब कसे घालता? करून दाखवा."

निशानं साध्या कृत्रिम अश्रूंची नवी बाटली दिली. इतक्या भीतीतसुद्धा हाताची ऐट काही गेली नाही. टेकव आणि उचल. निशानं कपाळाला हात लावला.

"चाचा, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे," डॉक्टर म्हणाल्या. वहाबभाईंची मान जरा ताठ झाली. "इतकं नेमकं दुसऱ्या कुणाला टेकवताच आलं नसतं. आणि तिथंच घात झाला. टोक पापणीला लागलं, पापणीवरचे जंतू बाटलीत गेले, आणि रोज त्याच बाटलीतून तुम्ही ते परत डोळ्यात घातलेत."

वहाबभाईंना उस्तादांची थप्पड आठवली. विसाव्या वर्षी त्यांनी तेलाची काडी तशीच मोठ्या बाटलीत बुडवली होती. उस्तादांनी एक ठेवून दिली होती आणि अख्खी बाटली गटारात ओतली होती. तेल आधी काचेच्या वाटीत घ्यायचं, काडी वाटीत बुडवायची. बाटलीत काडी गेली की घड्याळाची घाण बाटलीत, आणि बाटलीची घाण पुढच्या प्रत्येक घड्याळात. हे त्यांनी स्वतः किती जणांना ओरडून सांगितलं होतं.

"बाटलीत काडी बुडवली मी," ते हळूच म्हणाले. कुणाला काही कळलं नाही. मग खाली मान घालून त्यांनी डब्यामागं दडवलेल्या बाटल्यांचीही कबुली दिली. अमिनानं त्यांच्याकडं असं पाहिलं की संसर्ग परवडला.

"ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी," डॉक्टर म्हणाल्या. "काचबिंदूचे थेंब आपल्या मनानं बंद करायचे नाहीत. त्रास झाला तर त्याच दिवशी मला विचारायचं. त्या बाटल्या टाकून द्या. नव्या उघडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा, आणि महिना झाला की औषध उरलं तरी फेका. संसर्गाचं औषध वेगळं देते. तीन महिन्यांनी पुन्हा दिव्यांची तपासणी करू. ही अश्रूंची बाटली न्या, हिच्यावर सराव करा. मात्र हिचंही टोक टेकवलंत ना आता? मग ही इथंच राहू दे, निशा दुसरी देईल."

डोळा आठवड्यात निवळला. पण थेंब वरून सोडणं काही जमेना. ज्या हातानं आयुष्यभर टेकवलं, तो अधांतरी धरला की डगमगायचा. पहिला थेंब भुवईवर, दुसरा मिशीत, तिसरा थेट कानात.

"अजी, काचबिंदू डोळ्याला झालाय का मिशीला?" अमिना पदर तोंडाला लावून हसली. मग हात धुऊन आली, त्यांचं डोकं उशीवर टेकवलं, पापणी ओढली आणि एक थेंब सोडला. बरोबर आत. एका फटक्यात.

"तुला कसं जमलं?"

"दह्यात फोडणी काय टेकवून घालतात? बोलू नका. डोळा मिटा, कोपरा दाबा. दुसरी बाटली पाच मिनिटांनी."

आता पाच मिनिटं डोळे मिटून करायचं काय? अमिना बोलायला लागली. वहाबभाईंना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एरवी घरीसुद्धा त्यांच्या डोळ्याला भिंग आणि तोंडात "हं" असायचं. त्या पाच मिनिटांत त्यांना कळलं की अमिनाला चहात वेलची बिलकूल आवडत नाही, हे ती लग्नापासून सांगत आलीय. दुसऱ्या दिवशी कळलं की देवगाव रंगारीच्या तिच्या बहिणीनं शेळ्या घेतल्यात आणि एकीला वहाबभाईंचं नाव ठेवलंय, कारण ती कुणाचं ऐकत नाही. रात्री आठचा गजर व्हायच्या आधीच वहाबभाई उशीवर जाऊन पडायला लागले.

दुपारी दुकानात मात्र ते अश्रूंच्या बाटलीवर झटत होते. महिनाभर रामकिसननं तमाशा पाहिला. मग तो म्हणाला, "भाई, एक सांगू? काम करताना तुमचं मनगट टेबलाला टेकलेलं असतंय. इथं टेबल कुठंय? कपाळाला टेकवा की हात!"

वहाबभाईंनी मनगट कपाळावर टेकवलं. बाटली डोळ्याच्या वर, कुठं न लागता, स्थिर. थेंब सुटला आणि बरोबर खोळीत पडला. त्यांनी रामकिसनला चहा पाजला, वर भजी.

"आता भाभीचा तरास वाचला," रामकिसन म्हणाला.

वहाबभाई दचकले. "तिला सांगू नको."

"का वं?"

"तुला शिक्के कोरता येतात, तेवढंच बघ."

तीन महिन्यांनी ते पुन्हा यंत्रापुढं बसले. या वेळी अंगठा बटणावर नुसता धरला नव्हता, तो देवाचं नाव घेत होता. डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. अमिनानं त्यांची बाही घट्ट पकडली.

"जसं होतं तसंच आहे."

वहाबभाईंचा चेहरा पडला. "म्हणजे फरक नाही?"

"चाचा, या आजारात तसंच असणं यापेक्षा गोड बातमी नाही. दाब उतरलाय. उजवा डोळा राखलात तुम्ही."

अमिनाचे डोळे भरून आले, आणि तिला ते लपवायचे नव्हते. वहाबभाईंनी खिशातून रुमाल काढून दिला, मग तोच परत घेऊन स्वतःचं नाक पुसलं.

"आता थेंब घालून दाखवा."

"त्यांना नाय जमत," अमिना घाईनं म्हणाली. "मीच घालते."

"आणि तुम्ही बहिणीकडे गेलात तर? दाखवा, चाचा."

वहाबभाईंनी बाटली हातात घेतली. थेंब मुद्दाम गालावर पाडणं सोपं होतं. पण लपवाछपवीनं डोळा जायची पाळी आली होती, हे त्यांना याच खुर्चीत कबूल करावं लागलं होतं. त्यांनी हात धुतले, मनगट कपाळाला टेकवलं आणि थेंब सोडला. निशानं टाळ्या वाजवल्या. अमिना पिशवी उचलून दाराकडं निघाली.

रिक्षात ती बोलली नाही. बसली मात्र डावीकडंच.

रात्री आठला गजर झाला. वहाबभाईंनी गुपचूप दाढीचा आरसा काढला. तेवढ्यात अमिना ओल्या हातांनी आली.

"तो आरसा ठेवा खाली."

"आता तर तुला कळलंय, मला येतं म्हणून..."

"मला दोन महिने झाले कळून. रामकिसनभाऊंच्या पोटात काय राहतंय का?"

"मग बोलली का नाहीस?"

अमिनानं उशी सारखी केली. "अडतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पाच मिनिटं माझं ऐकताय. मी कशाला बोलू?"

वहाबभाई निमूटपणे आडवे झाले. उजव्या डोळ्याला आधी तिचा चेहरा दिसला, अगदी स्वच्छ, मग बाटली, मग थेंब.

"मिटा डोळा. कोपरा दाबा," अमिना म्हणाली. "हां, तर त्या शेळीचं सांगत होते..."