ब्रेकबाईंनी केस रंगवले

शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, तो ऐन वेळी सापडत नाही. दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणि सगळ्यांचा जीव त्याच्यावर असतो. या बाईंनी हा दुसरा ब्रेक आयुष्यभर इतक्या वेळेवर दाबला होता, की निम्म्या शहराचे हातपाय त्यांच्यामुळे शाबूत होते. म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. अगदी तोंडावर. त्यांना ते आवडायचं.

ब्रेकबाईंचे केस मूळचे खराट्याच्या काड्यांसारखे. सरळ, काळे, राठ. वेणी घातली तर ती सीटबेल्टमध्ये अडकायची, अंबाडा घातला तर टपाला लागायचा. त्या केसांशी त्यांचं कधीच पटलं नाही. पण मग छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि ते न पटणारे केस उशीवर, टॉवेलवर, एकदा तर सासूबाईंच्या चहात सापडायला लागले. तेव्हा ब्रेकबाई खालच्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये गेल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "काढून टाक सगळे."

ती पार्लरवाली एरवी कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवणारी. त्या दिवशी मशीन फिरवताना चकार शब्द बोलली नाही. पुढच्या त्या सगळ्या काळाबद्दल कुणी विचारलंच, तर ब्रेकबाई एवढंच म्हणतात, "खराब रस्ता होता. संपला." आणि विषयाचा गिअर बदलतात. आपणही बदलू.

तर केमो संपली, आणि एका सकाळी नवऱ्यानं चहा पुढे केला तो कप हवेतच धरून राहिला.

"अगं, तुझ्या डोक्यावर काहीतरी आहे."

"काय? झुरळ?" ब्रेकबाईंनी डोक्यावर चापट मारली.

"लव! लव आलीये!"

नवऱ्याचं रंगांचं दुकान होतं, घराच्या भिंतींना लावतात त्या रंगांचं. माणूस तसा घुमा, पण पृष्ठभाग हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यानं बायकोला खिडकीशी नेलं, उजेडात डोकं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाला, "पहिला हात बसला. पातळ आहे, पण सगळीकडे सारखा आहे."

लव वाढत गेली तशी घरात करमणूकच सुरू झाली. कारण केस उगवले ते पांढरेशुभ्र आणि कुरळे. साधेसुधे कुरळे नव्हेत, कोकराच्या पाठीवर असतात तसे, गुंडाळ्या गुंडाळ्यांचे.

"हे माझे नाहीत," ब्रेकबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचे तरी आलेत."

"इस्त्रीवाल्याकडे होतं तसं कधीकधी," नवरा म्हणाला.

सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. सून खुर्चीत बसलेली दिसली की त्या काहीतरी निमित्त काढून मागून जायच्या आणि जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. स्वयंपाकघरात जाताना एकदा, येताना एकदा. "चष्मा विसरले," म्हणून पुन्हा एकदा. चष्मा नाकावर असायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "सगळं छान आहे."

"हो का? बरं झालं. केस रंगवू का?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अशा वेळी लोक रडतात, हात जोडतात. ही बाई खुर्चीच्या कडेवर बसून पोरीसारखी पाय हलवत होती.

"जरा थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाळूची कातडी अजून कोवळी आहे. काही महिने जाऊ द्या. मग सौम्य, अमोनिया नसलेला रंग घ्या. आणि आधी कानामागे एक थेंब लावून दोन दिवस बघायचं. खाज नाही, पुरळ नाही, तर पुढे."

ब्रेकबाई थांबल्या, पण कशा? लाल सिग्नलला उभ्या असलेल्या उतावळ्या स्कूटरवाल्यासारख्या. एकीकडे कामही सुरू केलं होतं. झाकून ठेवलेली गाडी धुऊन काढली, डोक्याला रुमाल बांधला आणि पुन्हा त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्या. समोर कुणी कितीही वेडंवाकडं चालवो, डोक्यात एकच: कुठला रंग?

यावर घरात दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, "रंग म्हणजे काळा. बाकीची सोंगं." नवऱ्यानं दुकानातून शेडकार्ड आणलं, ते लांबलचक, पंख्यासारखं उघडणारं, आणि जेवणाच्या टेबलावर बायकोच्या डोक्याला एकेक पट्टी लावून बघायला सुरुवात केली.

"हा 'जुना मध'. नको, तोंड पिवळं दिसतं. हा 'ओली वीट'. हा बघ."

"अहो, हे बाहेरच्या भिंतीचे रंग आहेत!"

"मग डोकं काय आत असतं? ऊन-पाऊस सगळं त्यालाच लागतं."

ब्रेकबाईंनी 'ओली वीट'ची पट्टी हातात घेतली, आरशापाशी गेल्या, आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या तेव्हा ती पट्टी त्यांनी कानात फुलासारखी खोचली होती. "हाच," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

अखेर डॉक्टरबाईंनी हिरवा कंदील दाखवला. पार्लरवालीनं कानामागे कापसानं एक ठिपका लावला आणि दोन दिवस घरातली सगळी माणसं ब्रेकबाईंच्या कानामागे लागली. खरोखरच. नवरा टॉर्च घेऊन बघायचा. सासूबाई म्हणायच्या, "कानामागून आली आणि तिखट झाली, असं नको व्हायला." पण तो ठिपका काही तिखट झाला नाही. शहाण्या पाहुण्यासारखा गप्प बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकबाई पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. सोबत सासूबाई, "नुसती बघायला आले" म्हणत. खुर्ची तीच होती, आरसा तोच. पार्लरवाली मागे उभी राहिली आणि दोघींची आरशात नजरानजर झाली. पार्लरवालीचे डोळे भरायला लागले. आता रडारड होणार, असं सासूबाईंना वाटलं आणि त्यांनी पदर तयार ठेवला. तेवढ्यात पार्लरवालीनं डोकं भिजवायला केसांत बोटं घातली मात्र, ब्रेकबाई खुर्चीत उडाल्याच.

"काय झालं ताई? दुखलं?"

"गुदगुल्या! अगं, गुदगुल्या होतायत!"

नव्या केसांची मुळं, नवी कातडी, तिला कुणाच्या बोटांची सवयच नव्हती. बोट लागलं की ब्रेकबाई खिदळायच्या, आणि खिदळताना त्यांचा उजवा पाय सवयीनं जमिनीवर ब्रेक दाबायचा. पार्लरवालीचे डोळे वाहतच होते, फक्त आता ते हसून. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं रंग लावायचा, म्हणून सासूबाईंना कामाला लावलं. त्या दोन्ही हातांनी सुनेचे कान धरून उभ्या राहिल्या.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुनेचा कान धरायला मिळतोय," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकदम."

रंग मुरायला बसवल्यावर पार्लरवालीचं लक्ष सासूबाईंच्या डोक्याकडे गेलं. या आजी म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं त्या गुपचूप येऊन काळा रंग लावून घ्यायच्या. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ठाऊक नसल्यासारखं वागायची रीत होती. आता ते डोकं पांढरं झालं होतं, अगदी टोकापर्यंत.

"आजी, तुम्ही का हो येणं बंद केलंत? रंग सोसेना झाला का?"

"सोसत नाही कसा? चांगला सोसतो." सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "घरात एकीच्या डोक्यावर केस नाहीत, आणि दुसरीनं रंगवत बसायचं? बरं दिसतं का ते?"

ब्रेकबाईंचं हसू थांबलं. सासूबाई म्हाताऱ्या दिसायला लागल्यात हे त्यांनी पाहिलं होतं. आजारपणाची काळजी, असंच धरून चालल्या होत्या. "आई," त्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुझ्यासाठी म्हातारी झाले म्हणून सांगू?" सासूबाई फणकारल्या. "हलू नकोस, ओघळ येतोय."

मग डोकं धुतलं. पुसलं. पार्लरवालीनं टॉवेल काढला आणि तिघीही आरशाकडे बघत राहिल्या.

ती ओली वीट नव्हती. कोरडी तर नव्हतीच. ते गाजर होतं. चांगलं रसरशीत, भरउन्हातलं, दोन गल्ल्या पलीकडून दिसेल असं नारिंगी गाजर, आणि वर त्याच्या गुंडाळ्या.

"नवे केस जरा... जास्त ओढून घेतात रंग," पार्लरवाली हळूच म्हणाली. "मी गडद करून देते, ताई. आत्ता करून देते."

"हात लावू नकोस!" ब्रेकबाई ओरडल्या. मग त्यांनी डोकं डावीकडे वळवलं. उजवीकडे वळवलं. हलवून पाहिलं. गुंडाळ्या थरथरल्या. त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा बाजूच्या दुकानातली माणसं काय झालं म्हणून डोकावून गेली. त्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. "आई, बघा हो! वर्षभर मी लपत फिरले, आता लपायचं म्हटलं तरी जमणार नाही!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग दुसऱ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि तिच्यात जाऊन बसल्या.

"पोरी," त्या पार्लरवालीला म्हणाल्या, "काळ्याशिवाय दुसरं काय काय आहे तुझ्याकडे?"

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. दारात गाजरी बायको उभी, तिच्यामागे फिकट जांभळ्या झाकेची आई. तो चपला काढायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला. मग दोन्ही डोकी नीट पाहून म्हणाला, "नवं प्लास्टर नेहमी जास्त रंग पितं."

"मग आधी का नाही बोललात?" दोघी एकदम ओरडल्या.

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. मग जवळ येऊन त्यानं बायकोच्या डोक्यावर तळहात टेकवला, भिंत वाळली का ते बघतात तसा, आणि तिथेच ठेवला. "छान बसलाय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ब्रेकबाई रुमाल न बांधता कामावर गेल्या. पहिला शिकाऊ होता एक दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस स्टिअरिंग धरलं की स्वतःच आ वासायचा, आणि ब्रेक त्याला जन्मात सापडत नसे. तो कोपऱ्यावर उभा होता. ब्रेकबाई गाडीतून उतरल्या आणि त्याचं तोंड गाडीत बसण्याआधीच उघडलं.

"बाई... तुमचे... छान आहे. म्हणजे, आहे."

"बसा डॉक्टर. आरसा बघा. माझ्याकडे नाही, त्या आरशात."

पण त्याला तरी काय दोष द्यायचा? गाडी चौकापाशी आली. एरवी इथेच ब्रेकबाईंचा पाय कामाला यायचा. आज तो ब्रेककडे गेला, पण दाबायच्या आतच गाडी झोकदार थांबली, अगदी पट्ट्याच्या अलीकडे. ब्रेकबाई चकित होऊन बघायलाच लागल्या. सिग्नल तर हिरवा होता.

"डॉक्टर, थांबलात का?"

"डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल दिसलं," डॉक्टर घाम पुसत म्हणाला. "लाल दिसलं की थांबायचं, तुम्हीच सांगितलंत."

मागून हॉर्नांचा नुसता कल्लोळ. ब्रेकबाईंना हसू आवरेना, डॉक्टरला गाडी पुन्हा सुरू करता येईना, आणि सिग्नल खराच लाल होऊन पुन्हा हिरवा झाला तरी शिकाऊ गाडी चौकात हलत होती ती फक्त आतल्या हसण्यानं. पण त्या दिवसापासून डॉक्टरला ब्रेक सापडला, तो कायमचा.

पुढे रंग उतरत गेला. गाजराचा जर्दाळू झाला, जर्दाळूचा चहा. मुळाशी पांढरं दिसायला लागलं तेव्हा ब्रेकबाई तपासणीला गेल्या. बाहेर बाकावर डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. ती मघापासून या कुरळ्या डोक्याकडे टक लावून पाहत होती.

"राग मानू नका," तिनं शेवटी विचारलं, "खरे आहेत?"

"ओढून बघा," ब्रेकबाईंनी डोकं तिच्यापुढे वाकवलं.

"अहो, नको."

"ओढा हो. घाबरता काय!"

त्या बाईनं दोन बोटांत एक गुंडाळी धरली आणि अगदी जपून ओढली. गुंडाळी सरळ झाली, सुटली आणि टुणकन जागेवर गेली. बाई फिसकन हसली. मग तिनं दुसरी धरली आणि या खेपेला चांगला हिसडा दिला.

"आई गं!" ब्रेकबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की नर्स धावत बाहेर आली. "काय झालं? कुणाला दुखतंय?"

"मला, मला!" डोकं चोळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत ब्रेकबाई म्हणाल्या, आणि दुसरी बाजू पुढे केली.