दोन सिंकांचा वर्ग

लॉन्ड्री रूममध्ये रमणाऱ्या बाईकडे किस्से कसे जमतात, ते ड्रायरची जाळी साफ करणाऱ्यालाच कळेल. आत्ता तिच्यात अडकलेलं सूत काढावं, तर पुढच्या खेपेला पुन्हा तेवढंच! आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, मी सहा वर्षांत पोतंभर जमवलेत. त्यातले हे सगळे झोराच्या वर्गाचे.

त्या दिवशी दोन बायका चादरींच्या घड्या घालत बोलत होत्या. "काउंटी पैसे थांबवणार. त्या रोमा लोकांचा वर्ग बंद! आणि त्या झोराला तर काउंटीने—"

नेमका ड्रायरचा बझर कोकलला! तो थांबेपर्यंत विषय सेलवर गेलेला. मी वाळलेले टॉवेल पुन्हा ड्रायरमध्ये टाकून बसून राहिले, पण झोराचं पुढे काही निघेना. टॉवेलांचे मात्र पापड झाले.

* * *

झोरा आमच्या वरच्या मजल्यावरची. रोमानियाहून आलेली. नवरा गाड्यांचे पोचे काढतो, एक मुलगी शाळेत, आणि घरात म्हातारी सासू. तिला सगळे बीबी म्हणतात, म्हणजे आपलं मावशी-आत्यासारखं. जग त्यांना जिप्सी म्हणतं, पण त्यांना तो शब्द आवडत नाही. ते स्वतःला रोमा म्हणवतात, म्हणून मीही तेच म्हणते.

"आई, देअर ॲन्सेस्टर्स केम फ्रॉम इंडिया!" आमच्या केतकीने कॉम्प्युटरवर वाचून सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वी चालत चालत युरोपात गेले म्हणे.

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बघ! व्हिसाची लाइन नाही, काही नाही!"

* * *

ओळख कशी झाली तेही सांगते. त्यांचं सामान उतरत होतं आणि मी पडद्याच्या फटीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक. झोरा उभी! मोठा घोळदार स्कर्ट, डोक्याला रुमाल.

"तू रोज बाहेरून बघतेस. डोळे दुखतील. ये, आतून बघ."

मी गेले की हो! दोन तास बसले.

* * *

वर्ग असा होता: पैसा काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेचा, मागची खोली लायब्ररीची आणि शिकवायला आमच्या महाराष्ट्र मंडळातली, युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरं. आठवड्यातून तीन संध्याकाळी रोमा बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं. चालवायला कॅरन नावाची गोड बाई. तिने दारोदार छापील कागद सरकवले. वाचायला येत नसेल तर वर्गाला या, असं त्यावर लिहिलेलं!

बीबीने एकही कागद फेकला नाही. सगळे पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये. "सरकारचा कागद," ती म्हणाली. "पोलीस आले तर दाखवू."

शेवटी मीच दारोदार जाऊन तोंडी सांगितलं. चौकशा करायच्या सवयीचा पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला!

झोरा सगळ्यांत आधी तयार. "शाळेतून मुलीबद्दल पत्रं येतात. तीच मला वाचून दाखवते. आणि माझी मुलगी त्यातलं चांगलं तेवढंच वाचते!"

* * *

पण चार दिवस येऊन बायका यायच्या बंद झाल्या. एकटी झोरा यायची. कॅरनचा चेहरा उतरला. "दे आर नॉट इंटरेस्टेड," म्हणाली. वर्ग रिकामा राहिला तर काउंटी कशाला पैसे देईल?

मी एक दिवस जाऊन बसले. कॅरनने प्रेमाने कॉफी दिली. झोराने कप हातात घेतला, ओठाला काही लावला नाही. तेवढ्यात सफाईवाला आला आणि त्याच सिंकमध्ये त्याने फरशीचा मॉप पिळला. शेजारी कप निथळत होते!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या सासूबाईंनी मोरीतलं फडकं ओट्याला लागलं म्हणून अख्खा ओटा तीनदा धुवायला लावला होता. मी झोराला हळूच विचारलं. तीही हळूच म्हणाली, "आमच्यात पायाचं वेगळं, तोंडाचं वेगळं. पण कॅरन चांगली आहे. तिला कसं सांगू?"

मी सांगितलं! "कॅरन, यांना सिंक दोन लागतात. आमच्याकडेही लागायची."

कॅरन थक्क झाली. "इतके दिवस मला कोणी सांगितलं का नाही?"

"इतके दिवस तू कॉफी पाजत होतीस ना!"

सोवळ्याने माणसं लांब ठेवलेली मी जन्मभर पाहिली. इथे ते ओळखल्यामुळे माणसं आत आली, याचा मला फार अभिमान वाटतो. लाजून सांगत नाही, मिरवून सांगते.

* * *

काउंटीच्या ग्रँटमधून दुसरं सिंक बसलं. बीबी पाहायला आली. कपांच्या सिंकच्या नळाला तिने लाल रिबन बांधली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. बायका पुन्हा येऊ लागल्या.

शिकवायला येणारा निखिल, नागपूरचा, पीएचडी करतोय. फळा पुसायचं फडकं त्याने रिबनवाल्या सिंकमध्ये धुतलं. बीबी ओरडली नाही. तिने नुसतं बोट दाखवलं. निखिलने सिंक घासलं, पुन्हा घासलं, वरून नवे कप आणून ठेवले.

"काकू," मला म्हणाला, "यार, माझी पीएचडीची क्वालिफायर परीक्षा याच्यापेक्षा सोपी होती!"

* * *

मग ती लॉन्ड्री रूमची बातमी आली. आठवडाभर माझा जीव टांगणीला. विचारलं तर झोरा नुसती हसायची.

निकाल आधी सांगून टाकते. वर्ग बंद झाला नाही. आठवड्यातल्या तिनाच्या दोन संध्याकाळी झाल्या, तेवढी बातमी खरी. झोराला काउंटीने बोलावलं होतं हेही खरं, पण मीटिंगमध्ये वर्गाबद्दल बोलायला! आणि ती काय सुंदर बोलली! पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, दारातलं.

दारात टेबल होतं आणि त्यावर वही. आत जाणाऱ्याने त्यात नाव लिहायचं. आम्ही सगळ्या रांगेत. झोराने लिहिलं, सावकाश, पूर्ण. मग तिच्या जावेने. मग एकेक बाई. कोणी घाई करेना. आतून कोट घातलेले एक साहेब येऊन विचारून गेले, मीटिंग का सुरू होत नाहीये?

शेवटी बीबी. मी म्हातारी, मला काय शिकवता, असं म्हणत दारातल्या खुर्चीवरून रोज फळ्याकडे बघणारी. तिने पेन हातात घेतलं, मुठीत धरावं तसं. पहिलं अक्षर झालं. दुसऱ्याला पेन थांबलं.

टेबलामागे बसलेल्या मुलीला दया आली. "इट्स ओके, मॅम. नुसती फुली मारली तरी चालेल."

बीबीने मान वर केली नाही.

"फुली तू मार," ती म्हणाली. "मला नाव आहे."