कमरेला नागीण

विमानात एखाद्या प्रवाशाला काही लागण झाल्याचा संशय आला, तर आम्ही हळू बोलायचं असतं. आधी सहकारी मुलीला सांगायचं, मग फोनवरून कॅप्टनना, आणि बाकीच्या प्रवाशांना यातलं काहीही कळता कामा नये. हे आमच्याकडून इतकं घोकून घेतलेलं आहे की सुट्टीत घरी असताना भाजी आणायची राहिली हेही मी आईला कुजबुजत सांगते. हा नियम ज्यांनी लिहिला ते हैदराबादहून शिर्डीला येणाऱ्या छोट्या, पंख्याच्या विमानात कधी बसले नसणार. पाऊणशेला थोडी कमी माणसं, मधे चिंचोळी वाट, आणि हवाई सेविका आम्ही दोघीच. त्यात निम्मी माणसं आमच्या नगर जिल्ह्याची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. आमच्याकडे शेजारच्या घरात काय शिजतंय हे शेजाऱ्याच्या आधी आम्हाला माहीत असतं. तिथे पुढच्या सीटवर काय चाललंय हे लपून राहील ही आशाच चुकीची.

मी केडगावची. विमान उतरतं ते माझ्याच जिल्ह्यात, पण अर्ध्या तासात तेच विमान परत घेऊन जायचं असतं, त्यामुळे घर काही दिसत नाही. आई म्हणते, माहेरच्या दारात येऊन चहासुद्धा न घेता जाणारी लेक तिने दुसरी पाहिली नाही. तिच्या मते यात कंपनीचा काही दोष नाही, सगळा माझाच आहे.

त्या दिवशी माझ्याबरोबर जी सीनिअर होती ती डेहराडूनची. अतिशय शिस्तीची, केसांची एक बट इकडची तिकडे नाही. मराठी म्हणाल तर "थोडं पाणी" एवढंच, आणि तेही तिला फार छान जमतं असा तिचा समज. चहापाणी देऊन झालं आणि ती मागच्या पँट्रीत आली ती पांढरीफटक पडून. मी तिला आधी बसवलं आणि मग काय झालं ते विचारलं.

झालं होतं ते असं. मधल्या रांगेत वाटेकडेच्या सीटवर एक म्हातारबाबा बसले होते. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, कपाळावर घाम. शर्टाला कमरेपाशी ओला लाल डाग दिसला म्हणून हिने वाकून हिंदीत विचारलं, काही दुखतंय का. बाबांनी आधी खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या लेकीकडे पाहिलं, मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, नागीन हाय कमरंला. कुनाला बोलू नका."

माझ्या सीनिअरच्या भाषेत नागिन म्हणजे नागिणच, फणा काढणारी. आणि हिने नियमाप्रमाणे मला आधी सांगण्याऐवजी सरळ कॅप्टनना फोन लावला होता. कमरेला साप गुंडाळून बसलेला माणूस पाहिल्यावर कोणाला नियम आठवतील, हेही खरं. कॅप्टन कोचीचे, त्यांचा आमच्या दोघींच्याही भाषेशी संबंध नाही. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा रीतसर साप झाला होता. मी फोन घेतला तर ते अगदी शांतपणे विचारत होते की तो जिवंत आहे का, त्याने त्या गृहस्थांना चावा घेतलाय का, आणि तपासणीत तो कोणालाच कसा सापडला नाही.

मला हसू फुटलं. आवरेचना. फोन हातात, तोंडावर रुमाल, आणि सीनिअर माझ्याकडे अशी बघतेय की साप परवडला.

कसंबसं हसू गिळून मी कॅप्टनना समजावलं. अंगाच्या एका बाजूला पाण्याच्या फोडांची रांग उठते, आग होते, ठणका लागतो, त्या दुखण्याला आमच्याकडे नागीण म्हणतात. लाल डाग रक्ताचा नव्हे, गेरूचा असणार. नागिणीवर गेरू लावायची रीत आहे. माझ्या मावशीला झाली होती तेव्हा तिच्या निम्म्या साड्या त्यात गेल्या होत्या. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही. विमानात साप निघण्याचा योग काही रोज येत नाही. मग त्यांचा आवाज बदलला. हे पसरतं का, त्यांनी विचारलं.

तिथे माझं हसू थांबलं. कारण उत्तर मला माहीत होतं. त्या फोडांतलं पाणी लागलं तर, ज्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला कांजिण्या होऊ शकतात. इतरांचं आठवडाभर खाजवून भागतं, पण पोटुशी बाईला त्या भारी पडू शकतात, तिला आणि बाळालाही. आणि बाबांच्या शेजारी खिडकीशी बसलेली त्यांची लेक पोटुशी होती, दिवस बरेच भरत आलेली. तिच्या पोटाला पट्टा पुरेना म्हणून जादा पट्टा मीच आणून दिला होता.

कॅप्टन म्हणाले, मी खालच्या डॉक्टरांना विचारतो, तोवर त्यांना वेगळं बसवा. मी बाबांपाशी जाऊन मराठीत म्हणाले की मागे मोकळी जागा आहे, तिथे ऐसपैस बसा. कुठली म्हणून त्यांनी विचारलं. केडगाव म्हटल्यावर म्हणाले, "मंग आपलीच की," आणि निमूट उठून आले. ते श्रीरामपूरकडचे.

सीनिअर हातमोजे घालून तयारच होती. तिने त्यांना मास्क बांधला. नागीण काही तोंडावाटे पसरत नाही, पण नागिणीने तिला एकदा फसवलेलं होतं, आता ती कशावरच विश्वास ठेवणार नव्हती. मास्क बांधलेला माणूस मागे बसलेला पाहिल्यावर आमच्या कुजबुजीचं जे व्हायचं तेच झालं. कोणीतरी सीनिअरचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. एका काकांनी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. एका मावशींनी मला थांबवून विचारलं की विषारी आहे की साधा. सीनिअरने माइकवरून गोड आवाजात सांगितलं की काळजीचं काहीही कारण नाही, आणि मग उरलेल्यांनीही पाय वर घेतले.

तेवढ्यात डॉक्टरांचे प्रश्न कॅप्टनमार्फत आले. ताप आहे का, फोड झाकलेले आहेत का, आणि मुलीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. ताप नव्हता. फोडांवर फडकं, त्यावर बंडी, त्यावर शर्ट असा बंदोबस्त होता. तिसऱ्या प्रश्नावर बाबा अडले.

"पोरांचं दुखनंखुपनं त्यांच्या आईनंच पाह्यलं. मी आपला उसात," ते म्हणाले. मग चमकून विचारलं, "तिचं काय इचारता? तिचा काय संबंध?"

मी सांगितलं. शक्य तितकं बेताने सांगितलं, तरी त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. हे दुखणं दुसऱ्याला बाधतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना भीती होती ती निराळीच. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना भेटलं की माणूस जातो, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायला ते हैदराबादला गेले आणि तिथेच नागीण उठली. सासरच्यांना बाळंतपण तिथेच हवं होतं, मोठ्या मिनतवारीने ते कबूल झालेले. नागिणीचं कळलं असतं तर त्यांनी लेक पाठवली नसती. म्हणून बाबांनी तोंडाला कुलूप लावलं, कुंड्या विकणाऱ्याकडून गेरू आणला, आणि न्हाणीघराची कडी लावून कसाबसा चोपडला.

"पोरगी तिच्या आईच्या हाती दिली का मंग माजं काय व्हायचं ते हू दे, असं म्हनत हुतो," ते म्हणाले. "आन् आता तुमी म्हनता का मीच तिला..." ते सरकत सरकत पार खिडकीला जाऊन टेकले, शर्ट दोन्ही हातांनी गच्च धरून, जणू कुणाला चुकून लागेल. तिला यातलं काही बोलू नका, असं त्यांनी मला हात जोडून सांगितलं. मरण कमरेला बांधून हा माणूस लेकीला घरी पोचवायला निघाला होता.

पण उत्तर होतं ते लेकीपाशीच. मी जाऊन तिच्या सीटजवळ वाकले. डोळे मिटलेलेच होते. वाक्य जुळवून तोंड उघडणार तेवढ्यात ती डोळे न उघडता म्हणाली, "कांजिण्या झाल्यात ताई मला, तिसरीत असताना. आईला फोन करून पक्कं केलंय. आण्णांना सांगू नका मला माहीतय ते."

न्हाणीघरातल्या टॉवेलला गेरू पाहूनच तिने ओळखलं होतं. तिच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारून झालं होतं. झालेल्या असतील तर भिऊ नका, फक्त हात लावू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. सगळं झालं होतं, फक्त बापाशी बोलणं सोडून. का नाही बोललात, मी विचारलं.

"बोलले असते तर मला काही होऊ नये म्हणून मला तिथंच ठेवून एकटे पळाले असते," ती म्हणाली. "मला आईकडं जायचंय."

म्हणजे आता बापाचं लेकीला सांगायचं नव्हतं, लेकीचं बापाला सांगायचं नव्हतं, दोघांचंही प्रवाशांना सांगायचं नव्हतं, आणि प्रवासी पाय वर घेऊन बसले होते. मला या सगळ्या गुपितांचा मनस्वी कंटाळा आला. मी तिला सांगून टाकलं की तुमचे आण्णा मागे मरायला टेकल्यासारखे बसलेत, आणि हे मी त्यांना सांगणार आहे. ती रागावली नाही.

कॅप्टनना तिसरं उत्तर कळवलं. मग कोणत्याही नियमात नसलेला एक प्रश्न मी माझ्याकडून घातला: नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटतं का, हे डॉक्टरांना विचाराल का. त्यांनी प्रश्न पुन्हा सांगायला लावला, बहुधा मी परत सापाकडे वळले की काय याची खात्री करायला. पण विचारलं त्यांनी.

उत्तर आलं तेव्हा विमान खाली उतरू लागलं होतं. बाकी कोणाला थांबवायचं कारण नव्हतं, विमानतळावरचे डॉक्टर बाबांना तपासून आजच औषध चालू करणार होते. मी घाईने मागे गेले. लेकीला कांजिण्या होऊन गेल्यात, तिला धोका नाही, आणि तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, हे एका दमात सांगितलं.

"ठाव हुतं तिला?" बाबा म्हणाले, आणि मान उंचावून पुढच्या रांगांकडे पाहू लागले. तिथून ती दिसत नव्हती.

मग दुसरं सांगितलं. नागीण अंगाच्या एकाच बाजूला राहते. निम्म्यावर येऊन थांबते. तोंड आणि शेपूट भेटून कुणी मरत नाही, डॉक्टर स्वतः म्हणालेत. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग शर्टावरून कमरेवर हात ठेवला आणि खाली दिसणाऱ्या उसाकडे बघत राहिले. मी पट्टा बांधायला माझ्या जागी निघाले तशी त्यांनी हाक मारली.

"म्हंजी पोरी," ते म्हणाले, "बारशाला मी हाय."